पॅनल मीटरच्या डायलवरचे बारीक आकडे

कारखान्यातल्या किंवा सोसायटीच्या पंपरूममधल्या पॅनलवर अँमीटर असतं आणि त्याचा काटा येता-जाता सगळे बघतात. त्याच डायलच्या तळाशी काही बारीक चिन्हं छापलेली असतात. एक नागमोडी रेघ, '१.५' असा आकडा, आडव्या रेघेवर उभी केलेली एक रेघ, आणि पोटात '२' लिहिलेली छोटी चांदणी. मीटर बनवणाऱ्याने एवढ्याशा जागेत दोन वचनं दिलेली असतात. हे मीटर कितपत खरा आकडा दाखवेल हे एक, आणि किती व्होल्टेजपर्यंत माणसाला त्याच्यापासून इजा होणार नाही हे दुसरं. दोन्ही वचनांना अटी आहेत. पॅनल विकत घेताना, बसवताना आणि दुरुस्त करताना नेमक्या त्या अटीच नजरेआड होतात, म्हणून हा लेख.

आधी चिन्हं वाचून घेऊ. नागमोडी रेघ म्हणजे हे मीटर एसीसाठी आहे. आडव्या रेघेवरची उभी रेघ म्हणजे ते उभ्या पॅनलवरच बसवायचं आहे. टेबलावर आडवं ठेवून तपासलं तर काट्याचा तोल बदलतो आणि आकडाही बदलतो. चांदणीतला '२' म्हणजे मीटरचा विद्युत भाग आणि बाहेरची बॉडी यांच्यात २ किलोव्होल्टची इन्सुलेशन चाचणी झाली आहे. नुसती चांदणी असेल तर ती चाचणी ५०० व्होल्टची. आणि '१.५' हा अचूकतेचा क्लास. काट्याच्या मीटरसाठी भारतात आयएस १२४८ हे मानक आहे आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर आयईसी ६००५१. त्यांत ०.०५ पासून ५ पर्यंत क्लास ठरवून दिले आहेत. प्रयोगशाळेतल्या मीटरना ०.२ किंवा ०.५ लागतो, पॅनलवर साधारणपणे १.५ चालतो.

गफलत इथूनच सुरू होते. क्लास १.५ म्हणजे दाखवलेल्या आकड्यात दीड टक्क्याची चूक, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात साध्या छापलेल्या '१.५' चा अर्थ फुल स्केलच्या दीड टक्का असा आहे. ० ते ५०० अँपिअरचं मीटर घ्या. त्याला ५०० च्या दीड टक्का, म्हणजे ७.५ अँपिअर इकडे किंवा तिकडे चुकायची मुभा आहे, आणि ही मुभा स्केलवर सगळीकडे तेवढीच राहते. काटा ४५० वर असेल तर ७.५ अँपिअर काहीच नाहीत. पण रविवारी कारखाना बंद आहे, फक्त दिवे आणि कॉम्प्रेसर चालू आहेत, आणि काटा ६० वर आहे, तेव्हा खरा करंट ५२.५ आणि ६७.५ च्या मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे साडेबारा टक्क्यांची चूक, आणि तरीही मीटर आपल्या क्लासमध्ये शंभर टक्के पास!

एसीच्या पॅनल मीटरमध्ये बहुधा मूव्हिंग आयर्न पद्धत असते. कॉइलमधून करंट गेला की आतली लोखंडी पत्री ढकलली जाते आणि काटा फिरतो. हा जोर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे स्केलच्या सुरुवातीचे आकडे दाटीवाटीने बसलेले दिसतात. कित्येक मीटरवर ठराविक आकड्यापुढेच क्लास लागू होतो आणि ती जागा ठिपक्याने दाखवलेली असते. ठिपक्याच्या अलीकडे काटा हलतो, पण तिथे निर्मात्याने कसलीही हमी घेतलेली नसते.

म्हणून मीटरची रेंज निवडणं हा अचूकतेतला सगळ्यात स्वस्त निर्णय आहे. रोजचा लोड स्केलच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येईल अशी रेंज घ्यावी. 'पुढे लोड वाढेल' म्हणून आजच १००० अँपिअरचं मीटर बसवलं तर १५० अँपिअरच्या लोडवर दहा टक्के चूक आज घेतली, उद्याच्या नावाने. मोटरच्या फीडरची, म्हणजे मोटरला वीज नेणाऱ्या लाइनची, अडचण वेगळी. सुरू होताना मोटर सहा-सात पट करंट खेचते आणि नंतर खाली येते. त्यासाठी शेवटचा भाग दाबून छापलेल्या स्केलची मीटर मिळतात. पूर्ण लोडपर्यंतचे आकडे ऐसपैस आणि त्यापुढचे सहा पटींपर्यंतचे आकडे थोड्या जागेत. मोटरसाठी तीच घ्यावीत.

आता याच्या शेजारी बिलाचं मीटर ठेवून बघा. एनर्जी मीटरचा क्लास फुल स्केलवर ठरत नाही, तो मोजलेल्या आकड्यावर ठरतो. सीटीवर, म्हणजे मोठा करंट लहान करून देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरवर, चालणाऱ्या ०.५ एस क्लासच्या मीटरने रेटेड करंटच्या ५ टक्क्यांपासून पुढे, पॉवर फॅक्टर (करंट आणि व्होल्टेजच्या लाटा किती जुळतात त्याचं माप) १ असताना, अर्ध्या टक्क्याच्या आत राहायचं असतं. १ ते ५ टक्क्यांच्या टप्प्यातही चूक १ टक्क्याच्या आत हवी. त्यामुळे '१.५ आणि ०.५ मध्ये एकाचाच तर फरक' असं म्हणता येत नाही, कारण ते दोन वेगळ्या मापाने सांगितलेले आकडे आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांनुसार ६५० व्होल्टपर्यंतच्या ग्राहकाचं मीटर क्लास १ किंवा त्याहून चांगलं लागतं, त्यावर ३३ केव्हीपर्यंत ०.५ एस, आणि ३३ केव्हीच्या वर ०.२ एस. त्याच नियमांत मीटरला जोडलेले सीटी आणि पीटी (व्होल्टेज उतरवणारे ट्रान्सफॉर्मर) मीटरपेक्षा खालच्या क्लासचे नसावेत असंही म्हटलं आहे. ही अट फार शहाणपणाची आहे, पण खासगी पॅनलमध्ये ती पाळलेली क्वचितच दिसते.

सीटीकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण पॅनलमधली बरीचशी चूक तिथे जन्माला येते आणि दोष मात्र मीटरला दिला जातो.

शंभराहून जास्त अँपिअर करंट मीटरमधून थेट नेत नाहीत. सीटी तो ५ किंवा १ अँपिअरवर उतरवतो. या सीटीलाही क्लास असतो, आणि तो करंटनुसार बदलत जातो. क्लास १ चा सीटी पूर्ण करंटला १ टक्का चुकू शकतो, २० टक्के करंटला दीड टक्का, आणि ५ टक्के करंटला ३ टक्के. ०.५ एस चा सीटी २० टक्क्यांपर्यंत खाली आला तरी अर्ध्या टक्क्यात राहतो आणि १ टक्का करंटला दीड टक्क्यात. 'एस' या अक्षरासाठी जे जास्त पैसे पडतात ते कमी लोडवरच्या खरेपणाचे असतात. रात्रपाळी नसलेल्या कारखान्यात ते हमखास वसूल होतात.

दुसरी गोष्ट बर्डनची. सीटीच्या प्लेटवर '५ व्हीए' किंवा '१५ व्हीए' (व्होल्ट-अँपिअर) लिहिलेलं असतं. सेकंडरीला, म्हणजे सीटीच्या मीटरकडच्या बाजूला, जोडलेलं मीटर आणि मधली वायर मिळून सीटीवर किती भार पडलेला चालेल, ते हा आकडा सांगतो. मीटरचा भार सगळे धरतात, वायरचा धरायचा राहून जातो. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो. सीटी ते मीटर अंतर १० मीटर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.१५ ओहम. ५ अँपिअरचा वर्ग २५, गुणिले ०.१५, म्हणजे पावणेचार व्हीए नुसती वायर खाते. ५ व्हीएच्या सीटीत मीटरसाठी उरलं सव्वा. त्यात काट्याचं अँमीटर आणि पॉवर फॅक्टर मीटर एकामागे एक जोडलं की सीटी आपल्या क्लासबाहेर गेलाच. हाच सीटी १ अँपिअर सेकंडरीचा असता तर तीच वायर ०.१५ व्हीएवर भागली असती. मीटर लांबच्या कंट्रोल रूममध्ये न्यायचं असेल तर १ अँपिअरचा सीटी मागा, एवढं जरी कुणी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ काम झालं.

उलट बाजूही आहे आणि ती नव्या पॅनलमध्ये जास्त दिसते. क्लास १ पर्यंतच्या मेजरिंग सीटीची अचूकता रेटेड बर्डनच्या २५ ते १०० टक्क्यांमध्येच सांगितलेली असते. आजचं डिजिटल मीटर अर्धा व्हीएसुद्धा घेत नाही. जुन्या सवयीने १५ व्हीएचा सीटी मागवला, वायर हातभर, मीटर डिजिटल, तर भार २५ टक्क्यांच्या कितीतरी खाली राहतो आणि तिथे सीटीने काहीच कबूल केलेलं नसतं. मोठा व्हीए म्हणजे चांगला सीटी, ही समजूत सोडायला हवी.

वॉट आणि युनिट मोजायची असतील तर कोनाची चूकही, म्हणजे सीटीतून करंटची लाट किती मागे-पुढे सरकते तीही, धरावी लागते. क्लास १ च्या सीटीला पूर्ण करंटवर ६० मिनिटांची, म्हणजे एका अंशाची सूट आहे. पॉवर फॅक्टर १ असेल तर एक अंशाने काहीच बिघडत नाही. पॉवर फॅक्टर ०.५ असेल तर त्याच एका अंशामुळे पॉवरचा आकडा ३ टक्क्यांनी हलतो. पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक बिघडलेली असताना 'मीटर युनिट चुकीचे दाखवतंय' अशी तक्रार येते, तेव्हा मीटरआधी सीटीचा क्लास विचारावा.

डिजिटल मीटर आल्यावर एक नवा भ्रम आला. समोर २३०.७ असं लिहिलेलं दिसलं की दशांशापर्यंत सगळं खरं वाटतं. आकडा किती बारीक दिसतो आणि तो किती खरा आहे या स्वतंत्र गोष्टी आहेत. मीटरच्या कागदावर 'वाचनाच्या ०.५ टक्के अधिक २ अंक' असं लिहिलं असेल, तर २३०.७ मध्ये सव्वा व्होल्टहून जास्त फरक चालतो. एकाच मीटरवर करंट, व्होल्टेज, पॉवर, हार्मोनिक्स असं सगळं मोजणाऱ्या मल्टिफंक्शन मीटरसाठी आयईसी ६१५५७-१२ हे मानक आहे. त्यात प्रत्येक राशीचा क्लास वेगळा सांगावा लागतो. जाहिरातीत 'क्लास ०.५' असं ठळक छापलेलं असतं, तेव्हा तो कशाचा, ते कागदात बघायचं. करंटचा ०.५ आणि पॉवरचा १, असं सर्रास असतं आणि त्यात लबाडी काही नाही, फक्त वाचणाऱ्याने पूर्ण वाचायला हवं.

त्याच मानकात तापमानाचाही शिक्का आहे. 'के ५५' म्हणजे उणे ५ ते ५५ अंश, 'के ७०' म्हणजे उणे २५ ते ७० अंश. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे बाहेरच ४५ अंश असतात. पत्र्याच्या शेडमधलं बंद पॅनल, आत कॉन्टॅक्टर (लोड चालू-बंद करणारा स्विच) आणि बसबार (वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्या) यांची उष्णता. तिथे ५५ अंश ओलांडायला वेळ लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यासाठी पॅनल बनवताना के ७० मागणं मी चैन समजत नाही.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह), यूपीएस, एलईडी दिवे, संगणक यांचा करंट गुळगुळीत लाटेसारखा नसतो, तो तुकड्या-तुकड्यांनी खेचला जातो. काही स्वस्त मीटर करंटची सरासरी मोजतात आणि लाट शुद्ध साइन आहे असं धरून १.११ ने गुणून आरएमएस, म्हणजे उष्णतेच्या हिशोबातला परिणामी, आकडा दाखवतात. वायर तापते ती खऱ्या आरएमएसने. तुकड्यातुकड्यांच्या करंटला असं मीटर चांगलाच कमी आकडा दाखवतं. काटा निवांत आणि केबल गरम, असं दिसलं तर मीटर 'ट्रू आरएमएस' आहे का ते आधी बघा.

इथवर खरेपणाचं झालं. आता जिवाचं.

सीटीची सेकंडरी चालू लोडवर उघडी टाकायची नाही. हा नियम प्रत्येक वायरमनला तोंडपाठ असतो, त्यामागचं कारण फार थोड्यांना सांगितलेलं असतं. बसबारमधला करंट कारखान्याच्या लोडने ठरतो, सीटीने नाही. सेकंडरी जोडलेली असते तेव्हा तिच्यातला करंट उलट चुंबकत्व तयार करतो आणि सीटीचा लोखंडी गाभा शांत राहतो. मीटर बदलताना वायर सुटली की हा विरोध संपतो. बसबारचा सगळा करंट गाभ्याचं चुंबकत्व वाढवण्यात लागतो आणि उघड्या टोकांवर हजारो व्होल्टचे झटके उभे राहतात. पाच अँपिअरच्या बारीक वायरने माणूस जाऊ शकतो, तो असा. म्हणून मीटर काढण्याआधी टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर, म्हणजे टीटीबीवर, सीटी शॉर्ट करायचा, मगच स्क्रूला हात लावायचा. सीटीच्या वाटेत फ्यूज कधीच घालायचा नाही, कारण फ्यूज उडणं म्हणजे सेकंडरी उघडणं. सेकंडरीचं एक टोक, आणि एकच, अर्थला जोडलेलं हवं.

व्होल्टमीटरचं याच्या अगदी उलट. त्याच्या वायरी बसबारवरून थेट येतात आणि बसबारमागे पूर्ण ट्रान्सफॉर्मर उभा असतो. मीटरमध्ये शॉर्ट झाला तर त्या बारीक वायरमधून काही हजार अँपिअर धावतील. म्हणून तिथे बसबारजवळच छोटा एचआरसी, म्हणजे मोठा करंट सुरक्षितपणे तोडणारा, फ्यूज हवाच. काचेचा फ्यूज चालत नाही. एवढा मोठा करंट त्याला तोडता येत नाही, तो फुटतो आणि आतली ठिणगी चालूच राहते.

मीटरिंगचा सीटी आणि प्रोटेक्शनचा, म्हणजे बिघाड झाल्यावर वीज तोडायला लावणाऱ्या रिलेचा, सीटी यांची अदलाबदलही धोक्याची. मीटरिंगच्या सीटीवर 'एफएस ५' लिहिलेलं असतं. रेटेड बर्डनवर साधारण पाच पटींच्या सुमारास तो संपृक्त होतो (गाभ्यात आणखी चुंबकत्व मावत नाही) आणि फॉल्टचा, म्हणजे बिघाडाच्या वेळचा, पूर्ण करंट मीटरपर्यंत पोचू देत नाही. '५पी१०' हा रिलेसाठीचा सीटी दहा पटींपर्यंत इमानाने करंट पोचवतो, कारण रिलेला तोच हवा असतो. मीटर चुकून त्याला जोडलं तर सामान्य लोडवर आकडा ढोबळ मिळतो आणि फॉल्टच्या वेळी मीटर जळतं.

सुरक्षेच्या मानकात सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जातो तो कॅटचा, म्हणजे मीटर कुठे वापरायचं त्या श्रेणीचा, शिक्का. मोजमापाच्या उपकरणांच्या सुरक्षेसाठी आयईसी ६१०१०-१ आणि त्याच्या जोडीला ६१०१०-२-०३० अशी मानकं आहेत. वीज जिथून इमारतीत येते ते ठिकाण कॅट ४, आतली वितरण पॅनलं कॅट ३, भिंतीतल्या सॉकेटवर चालणारी उपकरणं कॅट २. जितकं ट्रान्सफॉर्मरच्या जवळ, तितका आकडा मोठा. यामागे व्होल्टेजचा नेहमीचा आकडा नाही, तर वीज पडल्यावर किंवा मोठा लोड तुटल्यावर लाइनवर येणारा क्षणिक झटका आहे. हा झटका लाखांश सेकंदात संपतो. पण त्याने मीटरच्या आत दोन टोकांमध्ये ठिणगी पाडली, की मागची नेहमीची वीज त्याच वाटेने वाहू लागते. स्फोट होतो तो या दुसऱ्या करंटने.

दुकानात दोन मल्टिमीटर ठेवले आहेत असं धरा. एकावर '१००० व्होल्ट कॅट २' आणि दुसऱ्यावर '६०० व्होल्ट कॅट ३'. मोठा आकडा बघून पहिला उचलला जातो. दोघांचीही चाचणी ६ किलोव्होल्टच्या झटक्याने होते. पण कॅट २ साठी तो झटका १२ ओहममधून दिला जातो आणि कॅट ३ साठी २ ओहममधून. पहिल्याला ५०० अँपिअरपर्यंतचा मारा सोसावा लागतो, दुसऱ्याला ३००० पर्यंतचा. ४०० व्होल्टच्या पॅनलमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या हातात दुसराच हवा. त्याच्या लीडही त्याच कॅटच्या हव्यात, कारण कॅट ३ च्या मीटरला कॅट २ च्या लीड लावल्या की सगळी जोडणी कॅट २ ची होते. पॅनलवर कायम बसवलेल्या मीटरनाही हाच हिशोब लागू आहे. २३०/४०० व्होल्टच्या आपल्या व्यवस्थेत कॅट ३ साठी फेज ते न्यूट्रल ३०० व्होल्ट धरून ४ किलोव्होल्टचा झटका मीटरने झेलायला हवा. ट्रान्सफॉर्मरजवळच्या मुख्य इन्कमरवर, म्हणजे वीज आत येते त्या जोडणीवर, कॅट ४ मागावा.

काही साध्या गोष्टी तर मानक न उघडताही दिसतात. ९६ बाय ९६ च्या मीटरला ९२ बाय ९२ चा कटआउट लागतो. भोक हातकरवतीने मोठं झालं की मीटर सैल बसतं आणि पुढच्या बाजूचं 'आयपी ५४' हे धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण कागदावरच राहतं. मागच्या टर्मिनलवर कव्हर हवं. दाराला वेगळी अर्थिंगची वेणी हवी, कारण बिजागरीवर अर्थिंग सोडणं हा आपल्याकडचा जुना आणि वाईट रिवाज आहे.

कॅलिब्रेशनबद्दल थोडं. क्लास हे नव्या मीटरसाठी ठरलेल्या अटींतलं वचन आहे, तर कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र म्हणजे त्या दिवशी ते मीटर काय दाखवत होतं याची नोंद. प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेकडून मान्यता मिळालेली असावी, म्हणजे तिथल्या मापांचा धागा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत किंवा तितक्याच मान्य मापांपर्यंत पोचतो. मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी ही सरकारी संस्था १९६९ पासून याच क्षेत्रात आहे. प्रमाणपत्र हातात आलं की फाइलला लावण्याआधी दोन गोष्टी बघा. तुमचा रोजचा लोड ज्या आकड्याभोवती असतो तिथे तपासणी झाली आहे का, आणि चुकीच्या शेजारी अनिश्चितता, म्हणजे त्या मोजणीतलीच शंका किती, हे लिहिलं आहे का. फक्त फुल स्केलला तपासलेलं मीटर ६० अँपिअरला काय करतं, ते त्या कागदावरून कळत नाही.

आणि महावितरणच्या मीटरशी आपण पडताळणीसाठी बसवलेल्या चेक मीटरचा आकडा जुळत नाही तेव्हा काय करायचं? एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकाचं बिलाचं मीटर ११ किंवा २२ केव्हीच्या बाजूला असतं, ०.५ एस क्लासचं. आपलं चेक मीटर बहुधा एलटी (कमी दाबाच्या) बाजूला, क्लास १ चं, क्लास १ च्या सीटीवर. पूर्ण लोडवरही आपल्या बाजूची दोन टक्क्यांपर्यंतची चूक दोन्ही क्लासच्या आतली आहे, कमी लोडवर किंवा खराब पॉवर फॅक्टरवर त्याहून जास्त. त्यात ट्रान्सफॉर्मरचा तोटा मिळवा, तो एचटी मीटर मोजतं आणि आपलं मोजत नाही. महिन्याला येणारा फरक एकाच दिशेचा आणि साधारण सारखाच असेल तर तो या हिशोबात बसतो का ते आधी मांडून बघावं. फरक अचानक वाढला, किंवा तीन फेजपैकी एकाचाच करंट कमी दिसू लागला, तर महावितरणकडे तपासणीचा अर्ज लगेच करावा. बहुतेक वेळा सीटीची एखादी सैल किंवा उलट जोडलेली वायर सापडते, आणि सैल वायर सापडण्याआधी तिच्यापर्यंत कुणाचा हात पोचू नये.